हरलेल्या ऑर्कांना सूपभर धान

दादा मला नेहमी ऑर्क करायचा, कारण ऑर्कला बोलावं लागत नाही. गुरगुरलं की झालं.

दादा म्हणजे माझ्या मामाचा मुलगा, माझ्याहून थोडा मोठा. गोंदियाला आमच्याकडे आला की तो सायबर कॅफेत एका लढाईच्या खेळासमोर बसून राहायचा. त्यात हिरव्या कातडीचे, बाहेर आलेल्या सुळ्यांचे ऑर्क कुठूनतरी दुरून चाल करून यायचे, गावं जाळायचे आणि शेवटी हरायचे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केशोरीला मामाकडे गेलो की हाच खेळ खळ्यावर मांडला जायचा. तोवर हलक्या धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू झालेली असायची. तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग हा किल्ला. शेजारची पोरं दादाचे शिपाई. आणि बोडीच्या पाळीवरून, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या बांधावरून, चाल करून येणारी ऑर्कांची अख्खी फौज म्हणजे मी एकटी.

शाळेत इंग्रजी, गोंदियात कुडव्याच्या आमच्या गल्लीत हिंदी, घरी मराठी, असं माझं होतं. तिन्ही भाषांत मी गप्पच असायचे. केशोरीची बोली तर मला समजायची, पण तोंडातून निघायची नाही. मी काही बोलले की पोरं हसायची. "पुस्तकावानी बोलते न बे हे!" त्यामुळे गुरगुरणं मला मनापासून आवडायचं. त्यात कोणाला माझी चूक काढता येत नव्हती.

अडचण एकच होती. दादाच्या नियमाप्रमाणे हरलेल्यानं खळं सोडून जायचं. लढाई संपायला कितीसा वेळ लागणार? मग शिपाई तणसावर उड्या मारत राहायचे आणि मी घरात. घरात फराळाला आलेल्या बाया असायच्या. "काऊन व, बोलत काऊन नाही तू? शहरातली पोट्टी मुकी रायते का?" माझी सगळी सुट्टी या एका गोष्टीवर अडली होती, की मला खळ्यावर राहू देतात की नाही.

एका दुपारी हरल्यावर मी गेले नाही. तणसाला टेकून बसून राहिले.

"ए ऑर्क, निंग इथून," दादा म्हणाला. "हरली तू."

मी म्हणाले, "ते परत गेले नाहीत."

"कोण?"

"ऑर्क. त्यांचं गाव खूप लांब आहे. आता ते इथंच राहणार."

शिपाई हसले. दादा चिडला. "असं नाही रायत. गेममंदी ते मरतेत नाही तर पळतेत."

मामी जवळच सुपानं धान उडवत होती. वारा पडला होता, म्हणून ती थांबली असावी. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "किती झन हायेत तुये?"

"खूप," मी म्हणाले.

"मंग खातीन का?"

ते काय खातील, याचा विचार मी केला नव्हता. मामीनं सूपभर धान घेतलं, माझ्या फ्रॉकच्या ओच्यात ओतलं आणि दादाला म्हणाली, "खळ्यावर आलेल्याले रिकाम्या हातानं धाडत नाही आपण. कोनी असो."

"माय, ते दुश्मन हायेत!"

"दुश्मनाले पोट नसते का?"

तिथं खेळ बदलला. दादानं कुरकुर केली, पण मामीचा शब्द खळ्यावर चालायचा. शिवाय ऑर्क धानाचं काय करतील, हे त्यालाही बघायचं होतं. त्यांना धान सोलता येत नाही, शिजवता येत नाही. ते तसंच चावतात आणि त्यांच्या सुळ्यांत कोंडा अडकतो, असं मी सांगितलं तेव्हा शिपाई पुन्हा हसले. पण या वेळचं हसणं माझ्या गोष्टीला होतं.

पुढच्या काही दिवाळ्या माझी टोळी त्या खळ्यावर नांदली. गोंदियाला परत गेल्यावर वर्षभर मी त्यांच्या रीती ठरवायचे आणि सुट्टीत केशोरीला नेऊन सांगायचे. लढाईचा नगारा आता पिकावर उतरणारे पोपट हाकायला वाजतो. चालून जाताना तोंडाला काजळी फासायची, ती आता रोवणीच्या, भातलावणीच्या, पहिल्या दिवशी फासतात. चिखल झाला की कोण ऑर्क आणि कोण माणूस ते ओळखू येत नाही, म्हणून. कच्चं मांस त्यांनी सोडलं. बोडीतले शिंगाडे त्यांना फार आवडले. दादा हरकत घ्यायचा.

"ऑर्क रोवणी करते का? वाकनार कसा तो? एवढा मोठा पोट."

"बायका करतात."

"ऑर्काच्या बायका! मंग ऑर्क का करते?"

"पाळीवर बसून विड्या ओढते," एक शिपाई म्हणाला, "आमच्या बाबावानी."

शिपाईसुद्धा हळूहळू ऑर्क व्हायला लागले. किल्ल्यावर दादा एकटाच उरला.

एका वर्षी स्वयंपाकघरात मामीच्या पावशीकडे, म्हणजे विळीकडे, माझं लक्ष गेलं. ज्या पावशीवर ती रोज भाजी चिरायची, तिच्या लाकडी पाटाला हळदकुंकू लागलेलं होतं. मी विचारलं. मामी म्हणाली, दसऱ्याला हत्यारांसोबत पावशीचीही पूजा होते, कारण हे पातं आधी तलवारीचं होतं. मामाचे पूर्वज फार पूर्वी माळव्याकडून आले, तेव्हा सोबत आणलेली तलवार. ती मोडली, मग कोणीतरी लोहाराकडून तिची पावशी करून घेतली. "तलवारीनं वांगे कसे चिरनार, माय?"

मला ते इतकं आवडलं की जेवताना राहवलं नाही. मामा, दादा, मी, सगळे पंगतीला होतो. मी दादाला म्हणाले, "आमच्या ऑर्कांनीपण तलवार मोडून पावशी केली. ते दसऱ्याला तिची पूजा करतात."

दादानं ताटातून मान वर केली. "ते आमच्या घरची गोष्ट हाये," तो म्हणाला. "आमी का ऑर्क हावो?"

मी मामांकडे पाहिलं. मामा कमी बोलणारे, पूर्वजांचा अभिमान असलेले. दिवाणखान्यातल्या फोटोंना ते रोज स्वतः हार घालायचे. मी ज्या घरचं खात होते, त्या घराला मी राक्षस म्हटलं होतं. आता खळंही गेलं आणि केशोरीही गेली, असं मला वाटलं.

मामांनी आधी पाण्याचा पेला संपवला. मग दादाला म्हणाले, "तुले का वाटते, आपले लोक इथं जिंकून आले?"

"मंग?"

"जिंकले असते त माळव्यातच रायले असते न बावा. इतक्या जंगलात कोन कायले येते?" त्यांनी वरण वाढायची खूण केली. "गहू समजे आपल्याले. धान नाही समजे. इथल्या लोकाईनं बियानं देल्लं, बोडी कशी बांधावं ते दाखवलं. माहे आजे सांगत, पयलं सूप आपल्याले भेटलं, म्हनून आपन खळ्यावर कोनाले रिकामं धाडत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुये ऑर्क पयल्या वर्षी रोवणीत चुकले असतीन न?"

मी मान हलवली.

"आपलेही चुकले," मामा म्हणाले, आणि हसले.

त्यांची ती गोष्ट इतिहासाला किती धरून होती, मला माहीत नाही. त्यांच्या आजोबांनी सांगितली, त्यांनी मला सांगितली. दुसऱ्या दिवशी दादा तणसावरून खाली उतरला आणि म्हणाला, "चाल, मले नगारा दे." त्यानंतर किल्ला कोणी राखला नाही.

मामीनं ते सूप ओतलं नसतं तर मी घरात बसले असते आणि बहुतेक अजून बसलेली असते. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आमच्यात असं कोणी सांगत नाही.

आता खळं उरलेलं नाही. यंत्र येतं, शेतातच सगळं आटपून जातं. नोकरीसाठी मी पुण्याला निघाले, तेव्हा मामीनं काही निरोप न धाडता गोंदियाला नव्या तांदळाची एक पिशवी पाठवली. पहिल्या आठवड्यात दादाचा फोन आला. "काय व ऑर्क, कोनाच्या खळ्यावर उतरली?"

पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत माझ्याखेरीज दोन मुली होत्या. दोघी एकमेकींशी भरभर बोलायच्या, आणि माझं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. मी माझ्या कोपऱ्यात ब्रेड खायचे. दादाचा फोन आला त्या संध्याकाळी त्यांतल्या कोल्हापूरच्या मुलीनं काही न विचारता आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटलीत ठेवली आणि पुन्हा आपल्या गप्पांत रमली.

मी भाकरी खाल्ली. मग उठून पिशवीची गाठ सोडली.

"भात मी टाकते," मी म्हणाले. "आमच्याकडचा तांदूळ आहे."

दोघी माझ्याकडे वळल्या. एक म्हणाली, "अगं, तू बोलतेस!"

"हाव," मी केशोरीच्या बोलीत म्हणाले, आणि तांदूळ धुवायला घेतला.