वीणा गळ्यात, पेन खिशात

कमलबाईंवर अन्याय झाला तो पोळ्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या गावच्या आठवडी बाजारात. लग्न होऊन आल्यापासून त्या जिथं भाजी विकतात, तिथून बाजारवसुलीच्या ठेकेदाराच्या माणसानं त्यांना उठवलं आणि वांग्यांचं टोपलं लाथेनं उलटवलं. पुढच्या बाजाराआधी पत्रक निघायलाच हवं होतं, नाहीतर जागा गेलीच म्हणून समजा. लिहिणार मी, संघटनेचा कार्यकर्ता. आजवर पत्रकं एका बैठकीत लिहिली. या वेळी 'जाहीर निषेध'च्या पुढं पेन हलेना. 'गरीब कष्टकरी महिलेवर अत्याचार' लिहायचो, खोडायचो. बुधवार उजाडला. संध्याकाळी मजकूर चिखलीच्या छापखान्यात द्यायचा होता.

दुपारी चिडून मारुतीच्या देवळात जाऊन बसलो. भक्तीनं नव्हे, सावलीसाठी. सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, पाळीपाळीनं कुणीतरी ती गळ्यात घालून उभं राहायचं, अशी रीत. वीणा घेतलेले एक अनोळखी म्हातारे माझ्यापुढं आले. "बावा, मले गरगरून राह्यलं. घे बरं. खाली ठेवू नोको." मी नाही म्हणायच्या आत वीणा माझ्या गळ्यात.

एक हात तारेवर, एक दांडीवर. जीव तळमळत होता, पण खिशातलं पेन काढता येईना. समोर ओट्यावर कमलबाई प्रसादाचे गहू निवडत होत्या. हसल्या. "आता बरा सापडला! मी सांगाले लागली का तू लिवाले लागतं. आज आयक."

"बोला काकू."

"टोपल्याचं काई नाई रे. वांगे म्या वेचले. पण तो मले इचारते, 'तू कोन वो?' त्याच्या मायच्या बाळंतपनात मेथी म्याच पोचवली. अन् मी कोन!"

मी मनातल्या मनात मसुदे चाळले. माझ्या एकाही मसुद्यात त्यांचं नाव नव्हतं.

म्हातारे तासाभरानं परतले. नाव विचारलं, तर "पिंपळगाव राजाचा आहो, लेकीकडं आलो," एवढंच म्हणाले. मी वीणेच्या पाया पडलो, आयुष्यात पहिल्यांदा. पायरीवर बसून कमलबाईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि मग मजकूर थांबेना. पाचची एसटी मिळाली.

त्या म्हाताऱ्यांना देवानं पाठवलं का, यावर मी भांडणार नाही. एरवी पुष्कळ भांडतो. हात अडकले तेव्हा कान उघडले, हे मारुतीचे उपकार मी मानतो. माझ्या जोरावर तो कागद भरत नव्हता.

पत्रक वाटलं. जागा अजून मिळालेली नाही. येत्या शुक्रवारी दहाच्या आत बाजारात या, कमलबाईंच्या शेजारी उभे राहा. आधी त्यांचं ऐका, मग घोषणा द्या.