हिरवी लाइन, लाल लाइन आणि सणसरचा बांध

परवा सणसरजवळ एका उसाच्या बांधावर मी मटकन खाली बसले… सकाळी साडेदहाला, भर रस्त्याकडेला.

मी बारामतीतल्या एका हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळते. पेशंटचे रिपोर्ट, आयसीयूतले औषधांचे चार्ट, सगळं एका खोलीतल्या मशीनवर चालतं. ती खोली बंद पडली तर तेच सगळं आमच्या इंदापूरच्या शाखेतून सुरू व्हावं, म्हणून तिथं दुसरी खोली केलीय.

मी मुळातच भित्री. मला पहिल्यापासून एकच धास्ती… दोन्ही खोल्यांना जोडणारी केबलची लाइनच तुटली तर? इंदापूरच्या मशीनला वाटणार बारामती गेली, आणि इथलं चालू असतानाच तेही कारभार हातात घेणार. एकाच पेशंटचे दोन चार्ट, आणि खरा कुठला ते कुणालाच कळणार नाही.

म्हणून दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या. प्लॅनमध्ये मी त्या मोठ्या ऐटीत काढल्या होत्या, एक हिरवी, एक लाल. आयसीयूच्या सुरेखा सिस्टरनी तेव्हा विचारलं होतं, "लाइन तुटली तरी चार्ट बरोबरच दिसंल ना, मॅडम?" मी म्हटलं, "शंभर टक्के. तुम्ही बिनधास्त राहा."

रविवारी चाचणी होती. बारामतीची खोली मुद्दाम बंद करून बघायची, खरे पेशंट असताना. त्याआधी एकदा इंदापूरची खोली डोळ्यांखालून घालावी म्हणून मी शुक्रवारी निघाले… आणि सणसरजवळ रस्त्याकडेला जेसीबी दिसला. जमिनीखालच्या केबलची खूण म्हणून कंपनीनं रोवलेल्या दगडापासून दहा पावलांवर.

गाडी थांबवून मी हात हलवत पळत सुटले. शेताचे मालक तात्या पाइपलाइन टाकून घेत होते. माझा अवतार बघून त्यांनी आधी मशीन बंद करायला लावलं.

"जीव घाबरा करून घेऊ नका ताई. दगडापाशी आमी कुदळीनंच उकरणार. दोन्ही वायरी हितंच हायेत, म्हाईत हाय मला."

दोन्ही?… मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"व्हय. पयल्या कंपनीनं चर काढला, दुसरीनं त्याच चरात नळी घातली. दोनदा कशाला खांदायचं? मीच तर जागा दावली."

मी तिथंच बांधावर बसले. जेसीबीच्या एका फटक्यात हिरवीही गेली असती आणि लालही. दोन वर्षं मी ज्याच्या भरवशावर झोपत होते तो भरवसा वीतभर रुंदीच्या चरात होता. तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"हे आधी कुणाला सांगितलं नाहीत का?" मी विचारलं.

"कुनी इचारलंच न्हाय की."

खरंच होतं. मी दोन्ही कंपन्यांना मेल केले, नकाशे मागवले… पण हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता कधी उतरून बघितला नाही.

बारामतीची खोली बंद असताना तो एक चर उकरला गेला, तर आयसीयूत एकही चार्ट दिसणार नाही. तिथूनच हॉस्पिटलच्या मोठ्या सरांना फोन करून चाचणी रद्द करायला सांगितली. चूक माझी, हेही सांगितलं.

पण खरी भीती सुरेखा सिस्टरना तोंड दाखवायची होती. संध्याकाळी आयसीयूत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं… मी दिलेला शब्द खोटा होता म्हणून.

त्यांनी ड्रॉवर उघडून एक जाडं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. प्रत्येक पेशंट, प्रत्येक औषध, वेळेसकट… प्रत्येक ड्युटीला हातानं लिहिलेलं. मी शब्द दिला त्या दिवसापासून अशी कितीतरी रजिस्टरं भरली होती.

"तुमी लय ठाम बोललात मॅडम," त्या म्हणाल्या. "तवाच मला भीती वाटली."

आता दुसरी लाइन वेगळ्या रस्त्यानं न्यायचं ठरतंय. या वेळी चर खणताना मी स्वतः उभी राहणार आहे. तोवर ते रजिस्टर चालू आहे, आणि माझी झोप त्याच्याच जिवावर आहे… सिस्टर, तुमचे उपकार आहेत.