आज माझ्या चुकीने ॲप बंद पडलं

मंडळी, मी जित्याला, आमच्या गावी, घरूनच एका मोठ्या कंपनीचं काम करते. आज सकाळी माझ्या एका चुकीच्या सेटिंगमुळे कंपनीचं ॲप सगळीकडे बंद पडलं. जुनं सेटिंग परत टाकून ते सुरू केलं.

आई म्हणाली, "नोकरी जाईल काय गो?"

"ठाव नाय," मी म्हटलं.

दुपारच्या मीटिंगमध्ये मी आधीच सांगून टाकलं, "चूक माझी आहे."

आमच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, "ते कळलं. पण एका चुकीने सगळं बंद पडतंच कसं, ते शोधू."

ठरलं, यापुढे प्रत्येक बदल आधी थोड्याच लोकांसाठी करून बघायचा. झाल्या प्रकाराचा अहवाल मीच लिहायला घेतलाय, काहीही न लपवता.

तुमच्याकडे आधी काय विचारतात, चूक कोणी केली की कशी झाली?