बर्फ बोलेपर्यंत

लसभांडारात त्यांना सगळे कानवाले काका म्हणत. कान मोठे होते म्हणून नव्हे.

भांडारातून रोज सकाळी गावोगावच्या सरकारी दवाखान्यांना लसीच्या पेट्या जात. त्या भरायचं काम एकवीस वर्षं काकांकडे होतं. फ्रीजरमधले दगडासारखे आइसपॅक काढायचे, टेबलावर एकेरी रांगेत मांडायचे, मध्ये दोन बोटं जागा सोडायची आणि थांबायचं. मग एकेक उचलून कानाशी हलवायचा. आत पाणी डुचमळलं की काका म्हणत, "बोलला." मगच तो पेटीत जाई.

लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना ठाऊक. काही लसी गोठूनही मरतात, हे मात्र कुणाला पटत नसे. फ्रीजरमधून काढल्या काढल्या बर्फ बाटलीला लागला की लस गोठते. पुढे वितळते आणि दिसते पहिल्यासारखीच.

ड्रायव्हर कावून जाई. "काका, अहो सगळे बोलले की! हा एकच काय मुका आहे?"

"मुका असेल तर घरी ठेवू. तू बस."

मग नवीन मॅडम आल्या. त्यांनी दारात फळा लावला: गाडी किती वाजता सुटली. बाकीच्या भांडारांच्या गाड्या सातला सुटत. इथे पावणेआठ, थंडीत साडेआठ. फ्रीजरच्या खोलीची किल्ली कारकुनाकडे असे आणि तो सहाला येई. त्याआधी बर्फ बाहेर निघायचा कुठून?

"काका, बर्फ जितका थंड तितकं बरंच ना?" मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांत आपण तळाला आहोत."

"मला किल्ली द्या. मी पाचला येतो."

"किल्ली अशी कुणाच्याही हातात देता येत नाही."

सोमवारी काकांना फाटकावर बसवलं. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद करायची. पेट्या भरायला दुसरा माणूस आला. तो हाताने चपळ होता. कानाशी काही नेत नसे.

"बरं झालं," बायको म्हणाली. "बसून काम. कानांना जरा ऊब मिळेल."

काका अर्धं ताट ठेवून उठले.

तीन दिवस गाड्या सातच्या ठोक्याला सुटल्या. चौथ्या दिवशी एक गाडी आठच्या आत परत आली. क्लच गेला होता. परत आलेला माल बघून लिहायचा, असा नियम होता. काकांनी पेटीचं झाकण उघडलं, आइसपॅक कानाशी धरला. हलवला. काही नाही.

दुपारी त्यांनी मॅडमच्या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक त्या पेटीतली, आता वितळलेली. दुसरी भांडारातली, त्याच बॅचची. दोन्ही एकदम हलवल्या आणि बाजूबाजूला उभ्या केल्या.

"घड्याळ बघा, मॅडम."

अर्ध्या तासाने भांडारातली बाटली दुधासारखीच होती. दुसरीत वर नितळ पाणी आणि तळाला पांढरा चुरा.

"ही गोठली होती. टोचली तर पोर रडेल, तेवढंच. उपयोग शून्य."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. "म्हणजे तीन दिवसांच्या गाड्या..."

"चार. आजच्या पण."

ती एक पेटी फेकून गप्प बसता आलं असतं. क्लचचं कारण पुरेसं होतं. काका तेवढ्यासाठीच उभे होते, बाई काय करते ते बघायला. मॅडमनी फोन उचलला. संध्याकाळपर्यंत एकेका दवाखान्याला त्यांनी स्वतः सांगितलं: माल परत पाठवा, टोचलेल्या पोरांना पुन्हा बोलवा. त्या महिन्याचा फळा परत मागवलेल्या पेट्यांच्या लाल नोंदींनी भरून गेला, आणि खाली जबाबदार म्हणून नाव मॅडमचं होतं.

घरी निघताना त्यांनी काकांना बोलावलं. किल्ली टेबलावर होती, शेजारी सहीचं रजिस्टर.

"पाचला म्हणाला होतात ना?"

"पाच म्हणजे पाच."

पुढची सात वर्षं काकांनी पावणेपाचला कुलूप काढलं. थंडीत साडेचारला. गाड्या सातला सुटल्या आणि बर्फ बोलून सुटला. किल्लीवरचा आकडा अंगठ्याने झिजून गेला. निवृत्तीच्या दिवशी ती त्यांनी आपल्या जागी आलेल्या नव्या मुलीच्या हातात दिली. तिने एक आइसपॅक कानाशी हलवून घाईने मान डोलावली. काकांनी तो आपल्या कानाशी नेला.

"अजून नाही."

तिने तो परत टेबलावर ठेवला.

अजूनही काकांना चारला जाग येते. हात भिंतीवरच्या किल्लीच्या खिळ्याकडे जातो. खिळा रिकामा.

"झोपा," बायको कूस बदलत म्हणते. "उघडलं असेल तिने."

"उघडलं असेल गं. थांबली असेल का?"