ब्रासवरची शीग

काल घराच्या बांधकामासाठी खडीचा टेंपो आला आणि दगडाच्या धुरळ्याच्या वासाने मी थेट चौक गावाजवळच्या खाणीत पोचले. आई तिथे खडी फोडायची. मापाची तळ नसलेली लाकडी पेटी काठोकाठ भरली, तरी मुकादम काठावर आणखी ढीग, शीग मागायचा.

"ब्रास इंग्रजी माप हाय. तुला काय कळतंय?"

आईने पेटीवरून फळी फिरवली. वरची खडी त्याच्या पायाशी सांडली.

"अशा धा पेट्या म्हंजे ब्रास. काठापर्यंत! शीग खळ्यावर देवाच्या मापाला देतात. तुमी काय देव हाय?"

काम जाईल म्हणून मी तिचा पदर ओढत होते. त्याची आज लाज वाटते.

"ताई, पुरा ब्रास हाय," काल टेंपोवाला म्हणाला. मी खडी मोजायला टेप घेऊन टेंपोत चढले.