जांभळा रंग उतरला तेव्हा

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरला, शाळेत नववीच्या वर्गावर होते. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, मेंदूत रक्तस्राव झाला... सकाळीच गेली." फळ्यावरचं समीकरण अर्धंच राहिलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

बारामतीच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत संशोधन करायचो. तिचा विषय होता कॉफी करून उरलेला चोथा. तेल खवट होऊ न देणारी जी अँटिऑक्सिडंट द्रव्यं त्यात शिल्लक असतात, ती तिला वेगळी काढायची होती. जळोचीच्या एका कॉफीच्या दुकानातून ती डबा भरून चोथा स्कूटीवरून आणायची, अल्कोहोल आणि पाण्यात भिजवायची, गाळायची, अर्क आटवत बसायची. तिच्या ओढणीलाही तो कडवट वास असायचा. वर्षभर काही हाती लागेना. ओल्या चोथ्याला बुरशीच यायची. माझंही काम अडलेलं. मी कंटाळून शाळेतली नोकरी धरली आणि निघताना चिडून म्हणाले, "लोकांनी पिऊन टाकलेल्यात काय राहिलंय, सुनंदा?" ती हसली नाही. "पिणाऱ्यांना सगळं कुठं घेता येतं?" म्हणाली, आणि पुन्हा गाळायला बसली.

पुढं तिनं चोथा आणल्या दिवशीच उन्हात वाळवायला सुरुवात केली आणि अर्क जमला. तो तपासायला एक जांभळं द्रावण असतं. अर्कात दम असेल तर रंग उतरून पिवळा होतो. एका दुपारी तिचा फोन. "जांभळा गेला गं! डोळ्यांदेखत गेला! ये ना, तुला परत करून दाखवते." बारामती सव्वा तासावर. पेपर तपासून झाले की येते, म्हणाले. तिनं आणखी दोनदा बोलावलं. पेपर झाले, मग सहल आली, मग स्नेहसंमेलन... मी गेलेच नाही.

परवा भवानीनगरला तिच्या घरी गेले. तिचे वडील, आबा, मला गच्चीवर घेऊन गेले. जुन्या साडीवर चोथा पातळ पसरलेला.

"दुकानवाला अजून डबा भरून ठिवतोय," ते म्हणाले. "त्याला न्हाय म्हणवंना. बाजारला गेलो की आणतो, वाळवतो."

"आणि मग, आबा?"

"मग काय करायचं ते तिलाच ठावं." त्यांनी वाकून साडीचं दुमडलेलं टोक सरळ केलं. "तुला येतं का गं त्यातलं पुढचं?"

"येतं," मी म्हणाले.

 आबा खाली बसून हातानं चोथा उलटवू लागले, आणि जरा सरकून त्यांनी साडीच्या कडेला मला जागा करून दिली.