हिरवळीवर चालू नये

यांना जाऊन दीड महिना झाला. लोक अजून येतात, बसतात, चहा घेतात आणि निघता निघता विचारतातच, "वैनी, त्या दिवशी भाऊंना मागल्या दारानं का नेलंत हो?" आज सांगूनच टाकते.

मुंबईत यांची नोकरी कचेरीतली. समोर हिरवळ, आणि हिरवळीत पाटी... 'हिरवळीवर चालू नये'. सगळी नोकरीभर हा माणूस त्या पाटीशेजारच्या बाकावर डबा खात आला. निवृत्त होऊन गावी, पूर्णगडला आलो, तर म्हणे, "पुढल्या अंगणात, खळ्यात हिरवळ करणार. अनवाणी चालणार. बघू कोण अडवतो ते!" मी कपाळावर हात मारला. इथे लोकांचा जन्म जातो गवत कापण्यात, आणि हे गवत लावणार! वाडीतले विचारायचे, "भाऊ, म्हैस कधी आणताय?"

कातळावर पाटी पाटी माती आणून घातली, शेणखत मिसळलं, काडी काडी लावली. जरा मुळं फुटली तशी एका सकाळी भाताच्या रोपांच्या तरव्याला मारतात तसा यांनी मूठ मूठ युरिया फेकला. पानांवर दव, वरून ऊन. हात जिथे जिथे फिरला तिथे गवत करपलं. दोन दिवस धड जेवले नाहीत. शेवटी मीच चिडून म्हटलं, "अहो, तान्ह्या पोराला कोणी ताट वाढतं का? चमच्यानं भरवायचं असतं!" जन्मात माझं एवढं एकच ऐकलं असेल. मग घमेलंभर वाळूत थोडासा युरिया कालवायचे, दव सुकल्यावर हलक्या हातानं विस्कटायचे, लगेच विहिरीचं पाणी. पंधरवड्यानं पुन्हा तेवढंच. कपडे वाळत घालताना माझा पाय कडेला टेकला, तरी पडवीतून ओरडायचे, "अगो, पाय काढ! अजून मुळाशी धरलेली नाही!" स्वतःही भिंतीला घासून जायचे. कधी चालणार, विचारलं की म्हणायचे, "धरू दे तर खरी..."

ती धरायच्या आधी हेच गेले. सकाळी चहा मागितला, मी कप घेऊन आले, तर...

माणसं यांना उचलून निघाली खळ्यातून. मी आडवी आले. "गवतावर कोणी पाय ठेवायचा नाही!"

धाकटे दीर म्हणाले, "वैनी, माणसाला पुढल्या दारानं न्यायचं असतं. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

शेवटी मागल्या दारानं, परड्यातून, विहिरीला वळसा घालून नेलं. बाईला वेड लागलं, म्हणाले. लागलं असेल. पण ज्याचा स्वतःचा पाय तिथे कधी पडला नाही, त्याला तिथून दुसऱ्यांच्या पायांनी न्यायचं? मला नाही सोसलं.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, खळ्यात लादी घालून टाकू. तुझ्याच्यानं नाही होणार." मी नको म्हटलं. तो परत मुंबईला गेला. घर खायला उठतं हो. युरिया, पाणी, त्या निमित्तानं बाहेर तरी येते. कोणाशी बोलायचं, तर गवताशीच.

परवा संध्याकाळी वाकून गवत चिमटीत धरून ओढलं. हललं नाही. चपला काढल्या आणि मधोमध जाऊन उभी राहिले. तळव्यांना गार लागलं, मऊ लागलं. पडवीकडे बघितलं. कोणी ओरडलं नाही, तेव्हा मला रडू फुटलं.